उस्तादाच्या डोळ्यांवर शेवंती

मी रडत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वर्षी जेद्दाच्या शराफिया वस्तीतल्या प्रत्येक कोकणी माणसाचं मत याच्या उलट होतं. आणि शराफियात एकदा चार लोकांचं मत झालं की ते बदलणं पोलिसांच्याही हातात राहत नाही.

माझे डोळे लाल होते, त्यांतून पाणी गळत होतं, आणि मी दिवसभर खिशातला रुमाल काढून ते टिपत होतो, इथपर्यंत लोकांचं खरं होतं. पण डोळ्यांतून पाणी येणं वेगळं आणि रडणं वेगळं. रडायला कारण लागतं. आता कारण माझ्याकडे होतं, ते सगळ्यांना माहीतही होतं, आणि तिथेच माझी बाजू लंगडी पडली.

जेद्दातल्या ज्या कंपनीचे हिशेब मी बघायचो, ती मक्केच्या हॉटेलांना चादरी, अभ्रे आणि टॉवेल पुरवायची. सौदीकरण जोरात होतं. कोणत्या कंपनीत किती सौदी माणसं आहेत ते बघून सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. हिरवी कंपनी चांगली, लाल कंपनी वाईट, आणि पिवळी म्हणजे काठावर पास होणारी. आमची पिवळी. पिवळ्या कंपनीत परदेशी माणसाच्या इकाम्याचं, म्हणजे राहायच्या परवान्याचं, काही खरं नसतं, त्यामुळे ऑफिसात सगळे घरात कावीळ झाल्यासारखे हळू आवाजात बोलायचे. एक दिवस मॅनेजर सामीसाहेबांनी मला आत बोलावलं. सामीसाहेब मिसरी, म्हणजे इजिप्तचे. मिसरी माणूस तोंडाने बोलतो ते कमी आणि हाताने बोलतो ते जास्त.

"शारीक, हिरवं व्हायचं तर हिशेबाच्या खुर्चीवर सौदी माणूस बसवायला हवा. तुर्की नावाचा मुलगा घेतलाय. तू त्याला तयार कर. तो तयार झाला की तू..." आणि त्यांनी हाताने विमान उडवून दाखवलं. विमान टेबलावरून उठलं, खिडकीकडे गेलं आणि पूर्वेला वळलं.

म्हणजे ज्या फांदीवर बसलोय ती तोडायचीच, वर तोडणाऱ्याला कुऱ्हाड कशी धरायची तेही शिकवायचं. माझं एकट्याचं असतं तर मी यल्ला म्हणून बॅग भरली असती. पण सानिया इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. मधेच इकामा गेला तर आम्ही तिघंही गावाला, आणि रत्नागिरीतली कुठली शाळा दहावीच्या मुलीला अर्ध्या वर्षात घेऊन परीक्षेला बसवणार? तिचं वर्ष गेलं असतं. मला मार्चपर्यंत टिकायचं होतं. पुढचं पुढे.

सामीसाहेब वाईट नव्हते. त्यांनी विमान उतरवलं आणि म्हणाले, "मक्केच्या हॉटेलांत फिरून ऑर्डरी घेणारा माणूस मला हवाय. ती जागा तुला देतो. फक्त गाडी चालवता यायला हवी."

गाडी मला येत होती. लायसन्स मात्र मेलं होतं, कारण मी शराफियात राहतो, ऑफिस शराफियात, आणि मी चालत जायचो. नूतनीकरणाला डोळ्यांचा रिपोर्ट लागतो. मी छाती काढून तपासणीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या माणसाने तक्ता दाखवण्याआधी माझा चेहरा बघितला, ड्रॉवरमधून टिश्यूचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "भाई, आधी मन मोकळं कर. डोळे साफ झाले की मग ये."

तर असे हे डोळे. आणि ते नेमके तुर्की आल्यापासून बिघडले होते, हे आमच्या इमारतीत कोणाच्या नजरेतून सुटणार?

तुर्कीबद्दल सांगायला हवं. मी त्याच्यावर चिडायचं पक्कं ठरवून पहिल्या दिवशी ऑफिसला गेलो होतो. दारात एक उंच, सडपातळ पोरगा उभा, पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात पितळेची धूपदाणी. मला बघताच म्हणाला, "उस्ताद शारीक? माझ्या आईने सांगितलंय, ज्याच्याकडून शिकायचं त्याला आधी बखूर द्यायचा." बखूर म्हणजे अत्तरात मुरवलेलं सुगंधी लाकूड. निखाऱ्यावर ठेवलं की दाट धूर येतो, आणि तो मोठ्या माणसाला आधी द्यायचा ही इकडची रीत. ज्याला मान मिळतो त्याने पुढे वाकून दोन्ही हातांनी धूर दाढीकडे ओढून घ्यायचा. मला दाढी नाही. मी तोंडावरच घेतला. आयुष्यात मला कोणी असं मानाने धूर दिला नव्हता. कोकणात माझ्या तोंडावर धूर आला तो फक्त चुलीचा, आणि तोही "बाजूला हो मेल्या" असं ऐकून घेऊन.

त्यानंतर रोज सकाळी बखूर. आमच्या खोलीच्या खिडक्या धुळीच्या भीतीने टेप लावून बंद केलेल्या, एसी चालू, आणि तुर्की धूपदाणी घेऊन माझ्याभोवती फिरतोय. शिकायला हुशार निघाला. नावे कुठे, जमा कुठे, एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायचा नाही. सानियाच्या मार्चमधल्या परीक्षेचं मी ओघात बोलून गेलो, तेही त्याने लक्षात ठेवलं. पण मी रुमाल काढून डोळे पुसले की त्याचा चेहरा पडायचा, तो उठायचा आणि बखूर आणखी घालायचा.

इकडे घरी उपचार सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या हलिमाबी धने भिजवलेलं पाणी घेऊन आल्या. "डोळे धुवा याने. आणि काळजी करू नका. रोजी देणारा वर बसलाय."

"हलिमाबी, मी काळजी करत नाही. डोळ्यांत उष्णता झालीय."

"होते हो. रडून रडून होतेच उष्णता."

समोरच्या दारातले कादिरभाई, विजेच्या सामानाचं दुकान असलेले, त्यांनी मला जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. "शारीक, मर्द माणसाने असं ऑफिसात रडू नये. घरी रडावं. मी पण रडलोय, पण दुकान बंद करून." माझी बायको अमिरुन्निसा रोज माझ्या टाळूवर थंड तेल थापायची, त्यामुळे उशीचे अभ्रे बदलत बसावं लागायचं. आमच्या कंपनीचा अभ्र्यांचा धंदा होता म्हणून निभावलं. मी डॉक्टरकडे गेलो, तर त्यांनी थेंब लिहून दिले आणि मग पेन खाली ठेवून हळूच विचारलं, "घरी, ऑफिसात काही टेन्शन?" मी काही नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि झोपेची गोळीही लिहिली.

अशा वेळी मला मा यूसुफ भेटले.

मा यूसुफ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी तसबीहा म्हणजे जपमाळा, नमाजाचे जानमाझ आणि फुलांची चित्रं असलेले थर्मास विकणारे चिनी म्हातारे. चीनमधले मुसलमान. तिकडे त्यांच्यात मा हे आडनाव आपल्याकडच्या खान, शेखसारखं. मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला आले ते कायमचे राहिले. अरबी माझ्यापेक्षा चांगलं बोलायचे. मी तसबीह घ्यायला थांबलो होतो, तर ते माझ्या डोळ्यांकडे टक लावून बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता हेही रोजी देणाऱ्याबद्दल बोलणार.

"जीभ काढ," ते म्हणाले.

भर रस्त्यात, दुपारच्या जोहरच्या नमाजाच्या गर्दीत, माझ्यासारख्या हुद्द्याच्या माणसाने जीभ काढायची? पण ज्या माणसाने माझ्या रडण्याचा विषय काढला नाही त्याच्यासाठी मी काहीही काढलं असतं. त्यांनी जीभ बघितली, मनगट धरून नाडी बघितली, आणि म्हणाले, "यकृत तापलंय. यकृताचं दार डोळ्यांत उघडतं. आत उष्णता, म्हणून बाहेर लाली."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. इतके पैसे घेऊन डॉक्टर टेन्शन टेन्शन करत होता, आणि हजारो मैलांवरच्या या माणसाने थेट माझी आई करायची तेच निदान केलं. उष्णता! चीन आणि रत्नागिरी यांच्यामध्ये एवढे पर्वत आहेत, पण उष्णतेच्या बाबतीत आपण शेजारी आहोत.

त्यांनी बरणी उघडली. आत वाळलेली फुलं होती, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळा गोंडा. वास ओळखीचा. मी एक फूल हातात घेऊन बघितलं आणि मला हसायलाच आलं. शेवंती! आमच्याकडे निकाहाच्या सेहऱ्यात असते ती शेवंती. "हे तर आम्ही नवरदेवाच्या तोंडासमोर लटकवतो," मी म्हणालो.

"आम्ही पितो," मा म्हणाले. मग त्यांनी मला सगळं समजावलं. पांढरी शेवंती डोळ्यांसाठी. पिवळी सर्दी, डोकेदुखी आणि तापाच्या कणकणीसाठी. रानटी, बारीक फुलाची, ती गळवांसाठी. पांढरीबरोबर हे लाल मनुकांसारखे दाणे टाकायचे, म्हणजे नजरेला ताकद. उकळायचं अजिबात नाही. कपात फुलं, वरून गरम पाणी, झाकण, आणि थांबायचं. आधी वाफ डोळ्यांना द्यायची, मग प्यायचं, मग भिजलेली फुलं गार करून मिटलेल्या पापण्यांवर ठेवायची. फूल थंड असतं, ज्याचं पोट हळवं त्याने बेताने. "आणि राग करायचा नाही. राग यकृतात बसतो."

"मला कुठे राग येतो!" मी म्हणालो. माझा आवाज ऐकून पलीकडच्या ज्यूसवाल्याने मान वर केली. मा यांनी पुडीत आणखी मूठभर फुलं टाकली, आणि पैसे घेतले नाहीत.

मी पुडी अमिरुन्निसाच्या हातात दिली आणि उकळायचं नाही हे बजावून नमाजला गेलो. परत आलो तर घरभर वेलचीचा वास. पातेल्यात दूध, साखर, आलं, आणि त्यात माझी शेवंती रटरटत होती.

"अगं, उकळायचं नव्हतं!"

"अवो, कोमट पाण्यात फूल टाकून नवऱ्यापुढे ठेवू? हलिमाबी येऊन बसल्यात. लोक म्हणतील, नोकरी जायची वेळ आली तर यांच्या घरी दूध पण बंद झालं."

हलिमाबींनी एक कप घेतला आणि पाकळी दातांत अडकली तरी तारीफ केली. सानियाने कपात डोकावून बघितलं. "अब्बा, धिस इज नॉट टी. धिस इज अ गार्डन." आणि ती अभ्यासाला निघून गेली. मी पूर्ण कप प्यालो. चव सांगायची तर सेहऱ्यासकट नवरदेव चावल्यासारखी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच रीतसर करायला लागलो. वाफ, पिणं, पापण्यांवर फुलं. आणि खरं सांगतो, बरं वाटायचं. संध्याकाळी डोळे निवळायचे. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत लाल. मा म्हणाले, "राग." मी म्हटलं, असेल. पुडी संपली. मा यांच्याकडचीही संपत आली होती. चीनहून कोणी उमऱ्याला आलं की नवी येणार होती.

इथे आमच्या लोकांचा स्वभाव आडवा आला. आखातात राहणाऱ्या कोकणी माणसाला एखादी गोष्ट हवी आहे असं नुसतं गावात कळलं, की ती पार्सल होऊन निघतेच. मग ती त्याला हवी आहे की नको, हा प्रश्न कोणी विचारत नाही. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दुसऱ्याचं सामान असतं, आणि नाही म्हणायची सोय नसते. अमिरुन्निसा फोनवर तिच्या आईला म्हणाली, "यांना शेवंती लागते डोळ्यांना." बस. माझ्या सासूबाई खैरुन्निसा यांनी बाजारात जाऊन फुलवाल्याकडची शेवंती उचलली, माळांसकट. त्या अंगणात वाळवल्या, पिठाच्या पिशवीत कोंबल्या, आणि गावाला गेलेल्या कादिरभाईंच्या बॅगेत, काजूगर आणि सुक्या म्हावऱ्याच्या मधे दाबून बसवल्या.

जेद्दाच्या विमानतळावर कस्टमवाल्याने पिशवी उघडली. आतून दोऱ्यात ओवलेल्या, जरीचे तुकडे लागलेल्या, सुक्या बोंबलाचा वास येणाऱ्या पिवळ्या माळा निघाल्या. "हे काय?"

कादिरभाई म्हणाले, दवा. चूक. दवा म्हटल्यावर डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मग म्हणाले, चहा. अधिकाऱ्याने माळ उंच धरली आणि विचारलं, हा चहा गळ्यात घालतात का? कादिरभाईंना बाजूला उभं केलं. दुसरा अधिकारी आला, तिसरा आला. एकाने वास घेतला आणि तो शिंकत गेला. शेवटी कादिरभाई घामाघूम झाले आणि हात जोडून बोलून गेले, "साहेब, माझा एक शेजारी आहे. त्याच्या जागेवर सौदी माणूस आला. तो बिचारा दिवसभर रडतो. त्याच्या सासूने त्याच्या डोळ्यांसाठी पाठवलंय."

मोठ्या अधिकाऱ्याने पिशवीचं तोंड स्वतःच्या हाताने बांधलं. "अल्ला करीम," तो म्हणाला, "त्याला आमचा सलाम सांग." आणि जाऊ दिलं.

कादिरभाईंनी हे मला कौतुकाने सांगितलं. मला वाटलं जमीन दुभंगून आत जावं. आतापर्यंत निदान शराफियापुरतंच होतं. आता किंगडमच्या सीमेवरसुद्धा माझ्या रडण्याची नोंद झाली होती.

एवढं सगळं झाल्यावर ती फुलं न पिणं म्हणजे सासूबाई, कादिरभाई आणि सौदी कस्टम या सर्वांचा अपमान. मी एक कप प्यालो. पुढचा पूर्ण दिवस संडासाच्या आसपास काढला. मा यूसुफना पिशवी दाखवली तर ते म्हणाले, "ही पिवळी. शिवाय सजावटीची. हिच्यावर औषधं मारतात. फेकून दे." मग आत गेले आणि स्वतःची बरणी घेऊन आले. तिच्यात त्यांची घरची मोजकी फुलं उरली होती, त्यांच्या स्वतःच्या चहाची. ती सगळी त्यांनी माझ्या पुडीत ओतली. मी नको नको म्हणत होतो. "माझं यकृत थंड आहे," ते म्हणाले, "मला कोणावर राग नाही."

ती फुलं मी ऑफिसात नेली. सामीसाहेब बाहेरगावी होते. दुपारच्या सुट्टीत विधी उरकला, फुलं गार केली, सोफ्यावर आडवा झालो आणि दोन्ही पापण्यांवर ओली शेवंती पसरली. हात पोटावर ठेवले. तुर्की बघत होता. मला दिसत नव्हतं, पण त्याचा जीव कसानुसा झाला असावा, कारण निखारे फुंकल्याचा आवाज आला आणि तो धूपदाणी घेऊन माझ्याभोवती हळूहळू फिरायला लागला.

आणि त्याच क्षणी दार उघडून लेबर ऑफिसचा इन्स्पेक्टर आत आला. कंपन्या कागदावर सौदी माणूस दाखवतात आणि काम परदेशी माणसाकडून करून घेतात, म्हणून असे इन्स्पेक्टर न सांगता यायचे. त्याने काय बघितलं? बंद खोली, दाट धूर, सोफ्यावर हात जुळवून पडलेला माणूस, डोळ्यांवर पांढरी फुलं, आणि शेजारी खाली मान घालून उभा असलेला तरुण.

तो उंबऱ्यातच थांबला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "इन्ना लिल्लाही..."

आता आम्हा लोकांना लहानपणापासून सवय. कोणी गेल्याचं कळलं की ही कुराणातली आयत म्हणायची, आणि एकाने सुरुवात केली की ऐकणाऱ्याने पुढचं म्हणायचं. कोण गेलं याची चौकशी नंतर. मी डोळे मिटल्या मिटल्याच पूर्ण केली, "...व इन्ना इलैही राजिऊन."

इन्स्पेक्टर किंचाळला. त्याची फाइल खाली पडली. मी घाबरून उठून बसलो, डोळ्यांवरची शेवंती घरंगळत मिशीत अडकली. तो भिंतीला टेकून मोठमोठ्याने श्वास घेत होता आणि तुर्की त्याला पाणी देत होता.

सावरल्यावर तो चिडला. "इथे हिशेबनीस कोण?"

"मी," तुर्की म्हणाला.

"मग हा कोण?"

"हे माझे उस्ताद. मला शिकवतात. आजारी आहेत."

इन्स्पेक्टरला पटलं नाही. त्याने तुर्कीला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. बँकेचा मेळ कसा घालतोस, परत आलेला माल कुठे धरतोस, कामगारांच्या विम्याचा हप्ता कसा लावतोस. मी मनातल्या मनात दुवा मागायला लागलो. स्वतःच्या दहावीलाही मागितली नव्हती इतकी. पण तुर्की न अडखळता सांगत गेला, माझीच उदाहरणं देत, जिथे मी थांबायचो तिथे थांबत. मी फुलं हातात धरून ऐकत होतो. माझी नोकरी त्या उत्तरांबरोबर चालली होती हे मला कळत होतं, तरी मला अभिमान वाटला. काय करणार, मास्तरकी फार वाईट.

इन्स्पेक्टरने समाधानाने पेन बंद केलं. मग खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. परत पुसले. त्याचे डोळे लाल झाले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अरे बाबा, खिडकी उघडा!" तो ओरडला. "खोली बंद, एसी चालू, आणि इतका धूर! माणूस आंधळा होईल इथे!"

मी तुर्कीकडे बघितलं. तुर्कीने धूपदाणीकडे बघितलं. मग त्याने माझ्या डोळ्यांकडे बघितलं. त्याने धूपदाणी बाहेर जिन्यात नेऊन ठेवली आणि नखांनी खिडकीची टेप ओरबाडायला लागला. इन्स्पेक्टर गेल्यावर तो म्हणाला, "उस्ताद, मला वाटलं तुम्ही माझ्यामुळे रडता. म्हणून मी जास्त घालत होतो. तुम्ही एकदा तरी सांगायचं."

"तू इतक्या मायेने द्यायचास. कसं सांगणार?"

त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून बखूर बंद झाला, आणि मा यूसुफ यांची उरलेली शेवंती तो स्वतः मला करून द्यायला लागला. न उकळता, झाकण ठेवून. आठवडाभरात माझे डोळे धुतल्यासारखे झाले. याचं श्रेय कोणाचं, म्हणाल तर मी सगळ्यांना दिलं. मा यूसुफना सांगितलं फुलाने गुण आला. हलिमाबींना सांगितलं धन्यांच्या पाण्याने. फोनवर सासूबाईंना सांगितलं तुमच्या माळांनी, आणि त्या इतक्या खूश झाल्या की पुढच्या माणसाबरोबर झेंडू पाठवते म्हणाल्या. यात खोटं काही नाही. एवढ्या लोकांनी माझ्या डोळ्यांची काळजी केली, त्यातलं काही ना काही लागू पडलंच असणार.

डोळ्यांचा रिपोर्ट मिळाला. लायसन्सही झालं. ते घेऊन मी सामीसाहेबांसमोर उभा राहिलो, तर त्यांनी दोन्ही तळवे वर केले. मक्केचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. फिरतीच्या जागेवर त्यांनी माणूस घेतला होता.

"आणि इन्स्पेक्टर सांगून गेला, तुर्की तयार आहे," ते म्हणाले. "या महिन्याचा हिशेब तो एकटा बंद करेल. झाला की खलास." या वेळी विमान टेबलावरून उठलं ते उतरलंच नाही.

मी घरी काही बोललो नाही. सानिया भिंतीला वेळापत्रक लावून अभ्यास करत होती, परीक्षेला अजून बरेच आठवडे होते. अमिरुन्निसाने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता तेलाची बाटली काढली. मी टाळू पुढे केली.

महिनाअखेर आली. तुर्कीने हिशेब केला, सामीसाहेबांनी उघडला, आणि त्यांच्या केबिनमधून अशी हाक आली की चहावाला पळून गेला. मी आत गेलो. हिशेब बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. जमा नावेला, नावे जमेला. टॉवेलांचा खर्च पगारात. बँकेचा मेळ तर असा, की बँकेने बघितला असता तर शाखा बंद केली असती. ज्या गोष्टी या मुलाने इन्स्पेक्टरला झोपेतून उठून सांगाव्यात तशा सांगितल्या होत्या, त्याच!

"हे तू शिकवलंस?" सामीसाहेबांनी मला विचारलं. माझी मान खाली गेली. "याला काही येत नाही. तू कुठे जायचं नाहीस. हा शिकेपर्यंत तू इथेच." इकाम्याच्या कागदावर त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

सुटल्याचा आनंद बाजूलाच राहिला, इतका मी अपमानाने पेटलो होतो. बाहेर येऊन मी तुर्कीवर सुटलो. "माझं नाव बुडवलंस! एवढं शिकवलं, पालथ्या घड्यावर पाणी! बँकेचा मेळ तुला येत नाही? तुला?"

तो शांतपणे शेवंतीच्या कपावर झाकण ठेवत होता.

"सानियाची परीक्षा मार्चमध्ये आहे ना, उस्ताद?" तो म्हणाला. "मला एप्रिलपासून येईल."

मी तिथेच खुर्चीत बसलो. हा मुलगा माझ्या जागेवर आला होता, आणि माझ्या लेकीच्या वर्षासाठी सर्वांसमोर ढ ठरून आला होता. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. परक्या देशात, परक्याच्या लेकराने माझ्यासाठी एवढं करावं, असं मी काय केलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

मग मी तो हिशेब पुन्हा पुढ्यात ओढला. बघवत नव्हता.

"पण तुर्की," मी म्हणालो, "या असल्या चुका कोणी करतं का? सामीसाहेब पुढच्या महिन्यात ओळखतील. चुकायचंच तर चांगल्या हिशेबनिसासारखं चुकावं. कंपनीचं नुकसान नाही झालं पाहिजे, आणि सापडायला दोन दिवस लागले पाहिजेत."

"कसं ते येत नाही," तो म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं.

मी कप बाजूला सरकवला, पेन्सिल काढली, आणि त्याला शिकवायला बसलो.